हातांना साडेचार तारे

कमरजहां शेख यांचं नाव सिनेमाच्या पाट्यांत शेवटपर्यंत आलं नाही. पण ते सोडा. अजून काहीच घडलेलं नाही असं धरू.

“परीक्षण लिहिणारे तुम्हीच का?” दारातल्या आजींनी विचारलं. मागे त्यांची नात खुशनुमा.

उत्तरेश्वर बनियनवर होता. कात्रजला साप सांभाळायची नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी कुणी न पाहिलेल्या नागपटांची इंटरनेटवर परीक्षणं, असा त्याचा संसार. वाचक अकरा. सापाचा अभिनय आणि साप धरायची पद्धत, या दोनच गोष्टींना तो तारे द्यायचा, त्यामुळे नायकांना सहसा शून्य मिळे. गेल्या आठवड्यात ‘नागलोकातली वहिनी’बद्दल त्याने लिहिलं होतं : ‘नागाच्या भूमिकेत धामण आहे, पण तिने भूमिकेला न्याय दिलाय. नायिकेच्या चेहऱ्याला अर्धा तारा. साप धरताना मात्र नुसते हात दिसतात, आणि ते दुसऱ्याच कुणाचे आहेत. हातांना साडेचार.’

“ते हात माझे,” आजी म्हणाल्या.

“मी जन्मल्यापासून दादी हेच सांगते,” खुशनुमा म्हणाली. “घरात कुणी बिलीव्हच करत नाही. अब्बू म्हणतात, ताजमहाल पण तूच बांधलास ना, अम्मी?”

“मी ड्रेस शिवायला गेले होते हो. साप बघून मॅडम जीपमध्ये जाऊन बसल्या, काचा वर करून. डायरेक्टर म्हणाले, कमर, बांगड्या चढव. पाटीत नाव टाकतो म्हणाले. टाकलं नाही.”

“काही पुरावा?” विचारताना त्यालाच लाज वाटली. आत बसवून त्याने दिलेल्या चहाची कपबशी आजींच्या हातात थरथरून वाजत होती.

आजींनी कप खाली ठेवला आणि नातीची ओढणी ओढून घेतली. एक हात जणू सापाच्या डोक्यामागे, सैल. दुसरा पोटाखाली, आधाराला. थरथर थांबली.

“आवळायचं नाही,” त्या ओढणीकडे बघत म्हणाल्या. “आवळलं की त्याला कळतं, आपण घाबरलोय.”

हे शिकायला उत्तरेश्वरला दोन वर्षं आणि एक चावा लागला होता. त्याने खुर्चीवरचा शर्ट उचलून अंगात घातला. वरचं बटणसुद्धा लावलं.

खुशनुमाने मोबाइल काढला होता, पण शूट करायचं ती विसरली. “दादी, सोड आता. चुरगळेल.”

“थांब गं. अजून कट म्हटलेलं नाही.”

त्या गेल्यावर उत्तरेश्वरने उरलेला अर्धा तारा देऊन टाकला. मग चौकशी केली. निर्माते वारले होते, कंपनीच्या जागी रसवंती होती. तरी त्याने अर्ज लिहिला.

‘प्रति, कै. निर्माते.
विषय : पाटीत नाव समाविष्ट करणेबाबत.
महोदय, आपल्या चित्रपटात “हात : कमरजहां शेख” ही ओळ नायिकेच्या नावाच्या वर घालण्यात यावी. आपण हयात नसल्याची नम्र जाणीव आहे. परंतु सदर कलाकार हयात आहेत. तरी कृपया विलंब करू नये, ही विनंती.’