डी ड्राइव्ह रिकामाच होता

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या आमच्या मराठी मंडळाच्या लॅपटॉपचा डी ड्राइव्ह इतका रिकामा होता, की खाकरलं तर आतून प्रतिध्वनी यायचा. मी स्वतः ऐकलाय. खोटं वाटत असेल तर शोभनाला विचारा. मंडळाचं नाटक तीच बसवते, आणि माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायची तिला अजिबात सवय नाही.

सी ड्राइव्ह मात्र तुडुंब. लॅपटॉप दरवर्षी जुन्या कमिटीकडून नव्या कमिटीकडे जातो, पण आधीच्यांच्या फोल्डरला कुणी हात लावत नाही. माणसं दुखावतात. 'फायनल', 'खरंच फायनल', 'शोभनाने बदललेलं फायनल'... चौदा वर्षांचं सगळं तसंच.

रविवारी तीनला नाटक. त्यात एक आई आहे, ती स्टेजवर येतच नाही. विंगेतून एकदाच तिचा आवाज येतो. तो आवाज माझ्या बायकोचा, सुमित्राचा, दोन वर्षांपूर्वी याच नाटकासाठी रेकॉर्ड केलेला. ती मार्चमध्ये गेली. यंदा साउंडचं काम मी मागून घेतलं ते त्या एका वाक्यासाठी.

दुपारी एकला साउंडचा प्रोग्रॅम म्हणाला, आधी नवं व्हर्जन टाका, मगच रेकॉर्डिंग उघडेल. टाकायला गेलो, तर सी ड्राइव्हवर जागा नाही.

"अरे, मग डीवर जा ना बाबा," मी त्याला म्हटलं. पण कुठे टाकू, हे विचारायची त्याच्यात रीतच नव्हती. 'इन्स्टॉल' एवढं एकच बटण.

प्रथमेशला हाक मारली. हा पुण्याचा मुलगा ऑफिसात असलेच इन्स्टॉलर बनवतो.

"काका, लोकेशनचा ऑप्शनच नाहीये यात."

"का नाही?"

"आम्हीपण काढून टाकला मागच्या वर्षी. यूजर कन्फ्यूज होतात यार... सॉरी, काका."

"मी कन्फ्यूज दिसतो तुला? मला जागा दिसतेय, त्याला दिसत नाहीये."

तो परत स्क्रीनकडे वळला. मीही फार ओढून धरलं नाही. अमेरिकेत येतानाही मला कुणी विचारलं नव्हतं. मुलाने बेसमेंटमध्ये पलंग लावला आणि एअरपोर्टवर घ्यायला आला.

मग जुने फोल्डर डीवर हलवायचं ठरलं. पण प्रत्येकासाठी त्या त्या वर्षीच्या सेक्रेटरीची परवानगी! शोभना फोन लावत बसली. राजेश हो म्हणाला. कादंबरी म्हणाली, "आधी मला लिस्ट पाठवा." इकडे इन्स्टॉलरने दोन जीबी मागितले होते, दोन दिले तर चार मागितले, चार दिले तर सात. तेवढ्या वेळात मी दोनदा म्हातारा झालो.

तिसरी घंटा झाली तेव्हा इन्स्टॉलरची पट्टी चौऱ्याऐंशी टक्क्यांवर अडकलेली. नाटक सुरू झालं. नट दारातून आत आला आणि आईच्या आवाजाची वाट बघत उभा राहिला. प्रथमेशने माझ्याकडे पाहिलं.

मी माइक ओढला. ते वाक्य नाटकात एकदा असेल, घरात मी चाळीस वर्षं ऐकलंय.

"आलास? चपला बाहेर काढ आधी."

नटाने चपला काढल्या. नाटक पुढे गेलं.

मध्यंतरात शोभना आली. "काका, काकूंचा आवाज जरा बसलेला वाटला."

"दोन वर्षं त्या सी ड्राइव्हच्या गर्दीत राहून दुसरं काय होणार?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि चहा आणून दिला.

नाटक संपलं, हॉल रिकामा झाला, तेव्हा कुठे पट्टी भरली. आणि बेट्या इन्स्टॉलरने दिवसभरात पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं: रीस्टार्ट आता करू, की नंतर?

मी चपला काढून खुर्चीत बसलो. 'नंतर' दाबलं.