नऊ फूट, दहा इंच, एक सूत

इंदूचं पोरगं उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या कामावर शिकायला येणार, ही बातमी मला माझ्या जावेनं दिली नाही. ठेकेदारानं दिली. तीही अकरा रेजांसमोर, घमेली वाहणाऱ्या बायांसमोर, चुना मळायच्या घाणीपाशी.

"भागीरथाबाई, पुतन्या येऊन राहिला ना तुमचा?" खुशालराव म्हणाले. "कॉलेजचं पत्र आलं अमरावतीवरून. पंचेचाळीस दिवस राहीन म्हनते. ओव्हरसियर होनार हाय म्हनजे!"

"मले माहीत हाय," मी म्हटलं.

माहीत काही नव्हतं. केशरबाई घमेलं डोक्यावर घेता घेता हसली, तेही मी पाहिलं. तिला त्या दिवशी मी दोन खेपा जास्त मारायला लावल्या.

ही गोष्ट बासष्ट सालची. अकोल्याच्या जुन्या शहरात मुलींच्या शाळेची इमारत चालली होती. रेजांची मुकादमीण मी, आणि मिस्त्री माझा लेक देवमन. एकोणीस वर्षांचा. त्याच्या बापाची, पुंजाजी मिस्त्रीची, थापी आणि ओळंबा त्याच्या हातात होता. एवढ्या वयात ठेकेदार ज्याला 'मिस्त्री' म्हणून हाक मारतो असा दुसरा पोरगा अख्ख्या अकोल्यात दाखवा. मी हे सगळ्यांना सांगत असे. इंदूला तर भेटेल तेव्हा.

इंदू माझ्या धाकट्या दिराची बायको. दीर अमरावतीला कोर्टात चपराशी. तिचा धर्मपाल आणि माझा देवमन चार महिन्यांच्या फरकानं जन्मलेले. दोघं एकाच साली सातवी पास झाले. तेव्हा माझा मालक नुकताच गेला होता. इंदू आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाई, दोघाइलेही अमरावतीले ठेवतो मी. जे एकाले ते दुसऱ्याले." मी म्हटलं, "माह्या लेकराले दुसऱ्याच्या चुलीवर जगवाची पाळी नाही आली अजून." ती खालच्या मानेनं उठून गेली. दुसऱ्या दिवशी मी देवमनच्या हातात थापी दिली. इंदूनं पायातले वाळे मोडले आणि धर्मपालला हायस्कुलात घातलं.

तेव्हापासून त्या घरून कागद आला की मी तो चुलीमागं खुपसायची. मॅट्रिक झाल्याचा कागद, चुलीमागं. ओव्हरसियरच्या कोर्सात नंबर लागल्याचा कागद, चुलीमागं. आता तर तो कागद पँट घालून माझ्याच दारात उभा राहणार होता.

आला तो मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी. इंदू सोडायला आली होती. पाया पडली, "जयभीम बाई" म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी आणून बोलली, "पोरगं तुमच्या हवाली. चुकलं तर दोन लगावा."

"साहेबाले कोन मारते बाप्पा," मी म्हटलं.

पोरगं उंच झालं होतं. इंदूसारखंच खालच्या मानेनं बोलायचं. त्यानं पेटीतून एक जाड वही काढून मला दाखवली. रोज काय पाहिलं, काय केलं ते तिच्यात लिहायचं आणि शेवटी सरकारी ओव्हरसियर साहेबांची सही घ्यायची. "सही नाही झाली तर तिसऱ्या वर्षात बसू देत नाहीत, मोठीमाय. शिष्यवृत्ती बी बंद होते," तो म्हणाला.

मी वही हातात घेऊन पाहिली. दोन वर्ग शिकले आहे मी. अक्षर अक्षर लावून वाचते. पहिल्या पानावर त्याचं नाव होतं, त्याच्या बापाचं होतं. मी वही परत दिली.

दुसऱ्या दिवशी कामावर खुशालरावांनी काय केलं असेल? खुर्ची मागवली. कामावर एकच खुर्ची होती, ओव्हरसियर साहेब पंधरा दिवसांनी येत तेव्हा काढायची. ती निंबाखाली ठेवली आणि म्हणाले, "बसा साहेब." चौदा वर्षं मी त्या ठेकेदाराची कामं केली. मला कोणी वीट सरकवून बस म्हटलं नव्हतं.

"काय व भागीरथा," केशरबाई म्हणाली, "पुतन्याले सावली, अन् लेकाले ऊन?"

"तुह्या लेकाले तर दोन्ही नाही," मी म्हटलं. तिचा लेक गांजा ओढत फिरायचा. ती घमेलं उचलून चालती झाली.

पण ते बोलणं मला दिवसभर चावत राहिलं.

खरं सांगायचं तर पोरगं खुर्चीत बसलं नाही. पहिल्याच दिवशी त्यानं बाह्या वर केल्या आणि देवमनच्या बाजूला जाऊन उभं राहिलं. "दादा, मले थापी धराले शिकव." देवमनला तर जसा काही खजिना सापडला. पहाटेपासून दोघं कामावर. विटा भिजवणं, चुना हातावर घेऊन पाहणं, ओळंबा सोडणं, सगळं तो भाऊ म्हणून शिकवायचा. दुपारी ऊन तापलं की निंबाखाली धर्मपाल कागदावरचा नकाशा पसरायचा आणि देवमनला वाचायला शिकवायचा. दोघांची डोकी एकमेकांना लागलेली. मी भाकर घेऊन जायची तर माझ्याकडे बघायलाही त्यांना सवड नसे.

एक दिवस भाकर खाता खाता देवमन म्हणाला, "माय, हे नकाशाचं समजलं ना, का मोठं काम बी घेता येते. मी शिकलो असतो तं—"

"तं काय?"

"काही नाही."

तेवढं 'काही नाही' मला पुरलं. संध्याकाळी मी पिठलं वाढताना धर्मपालच्या ताटात पातळ वाढलं आणि देवमनच्या ताटात घट्ट. धर्मपालनं त्यातच भाकर कुस्करली. देवमननं आपल्या ताटातलं अर्धं त्याच्या ताटात सारलं.

मग व्हरांड्याचं काम निघालं. सात गाळे, आठ खांब. जोतं आधीच झालं होतं, मागच्या खोल्यांच्या भिंतीही उभ्या होत्या. एकेका आडव्या भिंतीसमोर एकेक खांब यायचा. पण नकाशा नव्या मापाचा. त्या सालापासून सरकारनं फूट-इंच बंद करून मीटर आणलं होतं. आमच्या मिस्त्री लोकांच्या तोंडात फूट, इंच आणि सूत. इंचाचे आठ भाग केले की एक सूत. मीटरचं कोणालाच काही कळत नव्हतं. एका खांबापासून दुसरा तीन मीटर, असं कागदावर होतं. दोघा पोरांनी मिळून त्याचे फूट केले, तेवढ्या लांबीचा एक बांबू कापला, आणि बांबू लावून लावून देवमननं आधी पहिल्या चार खांबांची जागा आखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विटांना पाणी मारत होते. तीन खांब गुडघ्याएवढे वर आले होते. माझ्या मालकानं मला एक शिकवलं होतं. एक डोळा मिटायचा, खांबाच्या कडेवरून मागची भिंत बघायची. त्यात खोट दिसतेच दिसते. मी सहज डोळा मिटला. पहिला खांब भिंतीच्या रेषेत. दुसरा थोडा सरकलेला. तिसरा चार बोटं बाहेर.

मी पुन्हा पाहिलं. चौथ्याची खूण जमिनीवर होती, ती त्याहून पुढं. प्रत्येक खांबाला दोन-दोन बोटं वाढत होती. आठव्यापर्यंत गेलं असतं तर शेवटचा खांब जोत्याच्या बाहेर, हवेत उभा करावा लागला असता.

तोंडावर आलं होतं, "देवमन, थांब रे." पण त्याच वेळी धर्मपाल वही घेऊन उभा होता आणि खुशालराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, "साहेब होते म्हनून हे मीटरचं जमलं, नाहीतं आमच्या अडाण्यायच्या बापाले आलं असतं का?"

अडाणी. माझ्या लेकासमोर म्हणाले.

मी पाणी मारत राहिले. मनात म्हटलं, बांध. चांगला उंच बांध. येऊ दे तुझा साहेब. इंदूच्या पोरानं मोजलेलं माप अख्ख्या जुन्या शहराला बघू दे.

नऊ दिवस मी गप राहिले. रोज सकाळी डोळा मिटायची आणि चूक किती वाढली ते बघायची. सहावा खांब वीतभर सरकला होता. मला जेवण गोड लागत होतं.

दहाव्या दिवशी ओव्हरसियर साहेब आले. त्यांनी टेप धरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. तोंड लाल.

"हे कोणी आखलं?"

खुशालराव रुमालानं मान पुसायला लागले. मी घमेलं खाली ठेवून उभी राहिले. नऊ दिवस ज्याची वाट पाहिली ते आता होणार होतं.

"मी, साहेब," धर्मपाल म्हणाला. "तीन मीटरचे दहा फूट धरले. मीच सांगितलं."

"दुसऱ्या वर्षाला आहेस ना तू? पहिला सोडून पाच खांब पाडावे लागतील! ही वही घे आणि जा घरी. सही होणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ये, वाटलं तर."

पोरानं वही घेतली. खाली मान. इंदू सातवीच्या साली माझ्या घरून उठून गेली होती, अगदी तशी.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी वाट बघत उभी होते तो व्हायची. तेवढ्यात देवमन माझ्याकडे आला. चुन्यानं माखलेलं तोंड, आणि गालांवरून दोन ओघळ.

"माय, दहा फूट मी म्हनलो होतो."

"काय?"

"त्यानं कागदावर बरोब्बर काढलं होतं. नऊ फूट, दहा इंच, एक सूत. मी हासलो. म्हनलो, दोन इंचानं का बिघडते, दहा धर, बांबू कापाले सोपा. थो म्हने नाही दादा, वाढत जाईन. मी म्हनलो मिस्त्री मी का तू? तं गप बसला." त्यानं नाक पुसलं. "मी आता साहेबाले सांगतो म्हनलो तं धर्मपाल डोळे वटारते माह्यावर. म्हने, तुही मिस्त्रीकी जाईन. माही तं एक सहीच जाते."

चूक माझ्या पोराची होती आणि ती नऊ दिवस मी पाण्यानं शिंपून वाढवली होती. आणि तो इंदूचा पोरगा माझ्या लेकाची अब्रू स्वतःच्या वहीत बांधून निघाला होता.

लोक म्हणतील, भागीरथेला तेव्हा दया आली. दया नाही आली. माझा जळफळाट झाला. सात वर्षांपूर्वी मी त्या बाईचं एक ताट जेवण घेतलं नाही, आणि आज तिच्या लेकाचं हे एवढं मोठं देणं माझ्या दारात पडणार होतं. ती कधी बोलून दाखवणार नाही, हेही मला माहीत होतं. तेच तर सहन होणार नव्हतं. असं पोरगं तिच्या पोटी का, आणि मी माझं तिच्या पदराखाली का दिलं नाही, हे मी जन्मभर डोक्यावर घमेल्यासारखं वाहायचं का?

साहेब खुर्चीत बसून चहा पीत होते. मी पुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, पोरगं खोटं बोलून राहिलं. बांबू माह्या लेकानं कापला."

"माय!" देवमन ओरडला. धर्मपाल धावत आला, "मोठीमाय, तुमी नका—"

"तू गप रे!" मी म्हटलं. "यानं बरोबर माप काढलं होतं साहेब, नऊ फूट, दहा इंच, एक सूत. कागद हाय त्याच्यापाशी. अन् मिस्त्रीच्या अंगात मिजास होती म्हनून आयकलं नाही. अन् मी पायलं होतं."

"काय पाहिलं होतं?"

"खांब सरकले ते."

साहेबांनी कप खाली ठेवला. "कशानं मोजलंत, बाई?"

"डोयानं."

साहेब उठले, पहिल्या खांबापाशी गेले, एक डोळा मिटून त्यांनीही पाहिलं. मागं खुशालराव सारखे तोंड उघडत होते आणि मिटत होते.

परत येऊन साहेब धर्मपालला म्हणाले, "माप बरोबर काढून गप बसणं ही मोठी चूक. पाचही खांब उतरवा. तू आणि हा मिस्त्री, दोघं मिळून, विटा न फोडता. नव्यानं आखा. आणि जे झालं ते सगळं वहीत लिही. खोटं एक अक्षर नको. मग बघू सहीचं."

खांब उतरवायला चार दिवस लागले. देवमनला वाटलं होतं मिस्त्रीकी जाणार. ती राहिली, पण ठेकेदार दोन दिवस त्याला नुसतं 'अरे' म्हणाले. नवा बांबू धर्मपालनं कापला आणि सुताची खूण देवमननं केली. मी विटा झेलल्या. केशरबाईनं काही विचारलं नाही, एवढी ती शहाणी झाली होती.

सहीच्या आदल्या दिवशी दुपारी धर्मपाल निंबाखाली लिहीत बसला होता. मी त्याच्या हातातून वही घेतली आणि बोट लावून वाचू लागले. वेळ लागला. माझं नाव आलं तिथं बोट थांबलं.

'सदर चूक श्रीमती भागीरथाबाई यांच्या नजरेस आली व त्यांनी ती साहेबांना सांगितली.'

नऊ दिवस पुसून टाकले होते त्यानं. इंदूचाच लेक.

"कवा आली नजरेस ते लिहिलं नाही," मी म्हटलं.

"जाऊ द्या ना, मोठीमाय. कशाले लागते?"

"साहेब काय म्हनले? खोटं अक्षर नको. लिही. तुह्या मायकून बी दया घेतली नाही मी, अन् तुह्याकून घेऊ काय? लिही, दुसऱ्याच दिवशी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दौतीत टाक बुडवला आणि माझ्या नावाच्या पुढं, दोन ओळींच्या मधे, बारीक अक्षरात लिहिलं. मी पुन्हा बोट लावून वाचलं. 'दुसऱ्याच दिवशी.'

"आता बरोबर हाय," मी म्हटलं. "तुह्या साहेबाले टेप धरून दहाव्या दिवशी दिसलं. हे तुह्या मायले वाचून दाखवजो."