चार पानांचं पत्र

दर गुरुवारी दुपारी ग्रंथालयाच्या तळघरातल्या माझ्या खोलीत दोघीजणी जेवायला येत. इतिहास शिकवणारी वर्लीन पेटवे आणि समाजशास्त्राची सिओमारा किन्योनेस. वरच्या जेवणघरात त्या हसल्या की आजूबाजूचे गोरे प्राध्यापक वळून बघत. माझ्याकडे त्या पोटभर हसत.

मी तिथला ग्रंथपाल, वर्लीनसारखाच काळा, तिच्याहून तीस वर्षांनी मोठा, आणि बोलण्यात कच्चा. कागदावर मात्र थोडंफार जमतं असं मला वाटे. आमच्या अमेरिकन कॉलेजांत सहा वर्षांनी प्राध्यापकाला एकतर कायम करतात, नाहीतर एक शेवटचं वर्ष देऊन निरोप देतात. वर्लीनने त्यासाठी माझं पत्र मागितलं, तेव्हा मी चार पानं लिहिली. त्यांत हे होतं: प्रत्येक समितीला एक काळा चेहरा हवा असतो म्हणून ती अकरा समित्यांवर आहे. घरापासून तुटलेल्या मुली तिच्या दाराशी रांग लावतात. ती कुणालाही परत पाठवत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या धोबिणींवरच्या तिच्या पुस्तकाबद्दल एकच ओळ लिहिली. पुस्तक काय, सगळ्यांना दिसतंच आहे, असं मला वाटलं.

मार्चमध्ये निकाल आला. वर्लीनने डबा न उघडताच तो वाचून दाखवला.

"'ग्रंथपालांच्या पत्रावरूनही दिसते की डॉ. पेटवे यांचा बहुतांश वेळ विद्यार्थ्यांच्या अडचणींत जातो. पुढील संशोधनाबद्दल शंका वाटते.'"

मी हातातला काटा खाली ठेवला.

"मी... मी चांगलंच लिहिलं होतं गं."

"ठाऊक आहे, मिस्टर हॉलिस. पत्र वाचलं असतं तर मीच मला कायम केलं असतं." ती हसली, पण डोळे पुसत. "ते पत्र नसतं, तर त्यांना दुसरं काही सापडलं असतं. जेवा. मक्याचा पाव थंड होतोय."

मला तिचं म्हणणं खरं मानायचं होतं. अजूनही मानता आलेलं नाही.

सिओमारा माझ्याकडे वळली. तिला कायम करायचं की नाही, हे पुढच्या वर्षी ठरणार होतं.

"मिस्टर हॉलिस, राग मानू नका. माझ्याबद्दल काही चांगलं लिहू नका हं."

"अगं बाई!" वर्लीन म्हणाली. "आणि लिहायचं तरी काय मग?"

"लिहा, माणूसघाणी आहे. दार लावून बसते, मुली रडत आल्या तरी उघडत नाही."

"बरोबर आहे तिचं," वर्लीन म्हणाली. "तसंच लिहा."

मग दोघी इतक्या हसल्या की वर्लीनला ठसका लागला, आणि मीही हसलो.

पुढच्या वसंतात वर्लीन सामान बांधून जॉर्जियाला बहिणीकडे गेली. सिओमाराने तोवर दार खरंच लावून घ्यायला सुरुवात केली होती. गुरुवारीही ती येईना. त्यामुळे तिचं पत्र लिहिताना मला एकही शब्द खोटा लिहावा लागला नाही.