सोडा तिला

घरात त्याला सगळे भिंगरी म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. एका जागी बसला की त्याच्या पायांना मुंग्या यायच्या. वहिनी धरणाच्या वरच्या बाजूला नदीकाठच्या मत्स्यकेंद्रात शास्त्रज्ञ होती; तिनेच त्याला तिथे कामाला लावलं. निदान पाण्यापाशी तरी हा शांत बसेल, असं त्या माउलीला वाटलं असावं.

टाकीत पाहुणी होती. तिच्या जातीचे मासे समुद्रातून नदीत चढून अंडी घालायचे. धरणाने वाट अडवली आणि ते दिसेनासेच झाले. यंदा धरणाखाली एकच मादी सापडली, पोट अंड्यांनी भरलेली; तीच ही पाहुणी. वहिनी सकाळीच टँकर घेऊन मच्छीमारांकडे नर शोधायला गेली होती. नर मिळाला तर अंडी केंद्रातच फळवायची. नाही मिळाला तर निदान पाहुणी तरी जगावी म्हणून तिला इथेच, धरणाच्या वरच्या पाण्यात सोडायचं, असं ठरलं होतं.

भिंगरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाहुणी टाकीच्या भिंतीला धडका देत होती आणि हा टाकीभोवती फेऱ्या मारत होता. कोण कोणाला बेचैन करतंय ते कळत नव्हतं. मधूनच तो तिला जाळीने जवळ ओढायचा, पोट चाचपायचा आणि वहिनीला फोन लावायचा.

"वहिनी, ती डोकं फोडून घेईल. परत पोट दाबून बघू का?"

"भावजी, सोडा हो तिला आता," वहिनी वैतागून म्हणाली आणि रेंज गेली.

सोडा. केंद्रात या शब्दाला एकच अर्थ होता. पिल्लं सोडली, मासे सोडले, म्हणजे दार उघडून नदीत. म्हणजे नर मिळालेला दिसत नाही. भिंगरीला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. त्याने टाकीचं नदीकडचं दार वर उचललं. पाहुणी क्षणभर थबकली, मग शेपटीचा एक फटकारा मारून निघून गेली.

थोड्याच वेळात टँकर आला. वहिनी हसत उतरली. "मिळाला एकदाचा. चांगला धडधाकट आहे. पाहुणी काय म्हणतेय?"

"तू सोडा म्हणालीस ना."

"तिचा पिच्छा सोडा म्हटलं होतं हो," वहिनी म्हणाली आणि टँकरच्या पायरीवर बसली.

"याला तिच्या मागोमाग सोडू या का?"

"आधी ती कुठे गेली ते तर कळू दे."

दोघं काठाकाठाने वर चालत गेले. उन्हं उतरता उतरता एका उथळ जागी दगडगोट्यांना चिकटलेली अंडी दिसली. पाहुणीचा पत्ता नव्हता. वहिनीने गुडघाभर पाण्यात जाऊन दगडामागून दगड उलटला. सगळी अंडी पांढरी पडली होती.

"नराशिवाय दुसरं काय होणार," ती म्हणाली.

तिथूनच तिने मुख्य कार्यालयाला फोन लावला. "मादी गेली, साहेब. हो, मीच सोडायला सांगितलं."

भिंगरी तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "वहिनी, असं नको सांगूस. चूक माझी आहे."

तिने फोनवर हात ठेवला. "शब्द माझेच होते ना, भावजी? तुम्ही जा, टँकर धरणाखाली न्या. त्याला तरी त्याच्या पाण्यात पोचवा."

तो हलला नाही. फोनमधून साहेबांचा आवाज त्यालाही ऐकू येत होता. पुढची मादी कधीपर्यंत मिळेल, असं ते विचारत होते. वहिनीने फोन परत कानाला लावला. "ही एकच होती, साहेब," ती म्हणाली.