खंजिराचं कव्हर

“चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय मी! नववीत शाळा सोडलेला तू मला अक्कल शिकवणार?”

“पुस्तक मजबूत आहे रे मामा, पण त्याला कोणी हात लावत नाही! मजबूत तर वीटपण असते.”

मामाने खळीचा ब्रश भिरकावला. मी वाकलो, तो भिंतीला चिकटला.

भांडण कव्हरवरून होतं. वाचनालयाचं नवं पुस्तक आधी मामाकडे येतं. तो मूळ कव्हर काढून पुठ्ठा घालतो, वर तपकिरी कापड, पाठीवर नुसता नंबर. सगळी एकसारखी, गणवेशातल्या पोरांसारखी. काढलेली कव्हरं मी लहानपणापासून गादीखाली जमवलीत.

सोमवारी वाचनालयाच्या बाई सांगून गेल्या. मागच्या खोलीतली एकशेवीस पुस्तकं पाच वर्षांत कोणी नेलेली नाहीत. शनिवारी सकाळी जी वाचकांच्या घरी असतील ती राहतील, जी कपाटात असतील ती रद्दीत. मामा एका पुस्तकाची पाठ अंगठ्याने चोळत बसला. सगळी त्यानेच बांधलेली. तेव्हाच मी ठरवलं, एकही रद्दीत जाऊ द्यायचं नाही.

ब्रश भिंतीवरून काढून मी गादीखालची कव्हरं कापडावर चिकटवायला लागलो. मामा थोडा वेळ धुसफुसला. मग “निदान वाकडं तरी लावू नकोस, गाढवा,” म्हणत स्वतःच पट्टी घेऊन बसला.

मंगळवारी वाचनालयात दाराजवळच्या टेबलावर पुस्तकं मांडली आणि मी कोपऱ्यातून बघत राहिलो. लोक आधी रंग बघतात, मग चित्रातला चेहरा, नाव सगळ्यात शेवटी. निळं हातात घेऊन परत ठेवतात. लाल-काळं सोडत नाहीत. एक रिटायर्ड मास्तर “इथलं सगळं वाचून झालंय माझं” म्हणत आले आणि तीन घेऊन गेले. त्यातलं एक त्यांनी पूर्वी दोनदा नेलेलं, कार्डावर सही होती.

गुरुवारी कव्हरं संपली, तीस पुस्तकं उरली. मग मीच चित्रं काढली. आतलं वाचायला वेळ कुठे होता? एका जाड्या पुस्तकासाठी काळ्या कागदावर लाल खंजीर काढला. दहा मिनिटांत गेलं. संध्याकाळी अकरा उरली. मी एकदम हवेत.

आज, शुक्रवारी दुपारी मामाने विचारलं, “ते खंजीरवालं कोणी नेलं?”

“कोपऱ्यावर कपडे शिवते ना, त्या ताईने. तिचे वडील हॉस्पिटलमध्ये आहेत. त्यांना खुनाच्या गोष्टी लागतात. आज चार वाजता भेटायला सोडतील, तेव्हा वाचून दाखवणार आहे.”

मामाचा हात थांबला. “त्यात कसला खून? एक म्हातारा हॉस्पिटलात पडून असतो. मुलगी रोज येते. शेवटी तो जातो. मी रडलो होतो.”

“तू बांधताना वाचतोस?”

“मग काय, नुसती खळ लावतो?”

माझ्या कानशिलात कोणी ठेवून दिल्यासारखं झालं. मी चप्पल शोधायला लागलो.

“कुठे निघालास? परत आणलंस तर उद्या रद्दीत जाईल ते!”

“माझ्या नावावर लिहायला सांग बाईंना.”

“तुझ्या? तुझं कार्ड तरी आहे का?”

“नसेल तर काढा म्हणावं. वाचतो ते, आणि त्याचं खरं कव्हर रंगवतो. उरलेल्या अकरांच्या गोष्टी तू सांग, मी आल्यावर चित्रं काढतो. पण या वेळी थापा नाहीत.”

मामाने कपाटातून उरलेल्यातलं एक पुस्तक काढून माझ्या छातीवर आपटलं. “यात खून आहे. तीन.”

कव्हर बघितलं. माझ्याच हातचं, फुलांची परडी.

ते टराटरा फाडलं. साडेतीन वाजलेत, हॉस्पिटल लांब आहे. मला आता निघायला हवं.