गार असताना मला कोणी पाहिलेच नाही

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी म्हातारी आहे, पण आजारी नव्हते. माझ्या एका बारीक दुखण्याचे भलतेच निदान झाले. त्यापायी माझे इंजिन उघडले गेले, मला भंगारात काढायचे ठरले आणि चौदा पेट्यांमधल्या हजारो मधमाश्या जिवाला मुकल्या. हे सगळे ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने सांगते. मी रागावलेली आहे, म्हणूनच एक शब्दही वाढवून सांगणार नाही.

मी डिझेलवर चालणारी पिकअप गाडी. वय सतरा वर्षे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग निळा होता. आता तो जिथे उरला आहे तिथे निळा आहे. पहिली आठ वर्षे मी एका सुताराच्या दारा-खिडक्यांच्या चौकटी वाहिल्या. नंतर मला एका भावाबहिणीने घेतले. भावाला सगळे दादा म्हणतात आणि बहिणीला धाकटी. धाकटी आता चाळिशीला टेकली, पण नाव काही मोठे झाले नाही. दोघांचा धंदा मधमाश्या पाळण्याचा. बागांना फुलोरा आला की बागवाले यांच्या पेट्या मागवतात, कारण माशी फुलावर बसली नाही तर फळ धरत नाही. त्या पेट्या बागेत पोचवणे हे माझे काम.

हे काम वाटते तितके सोपे नाही. पेट्या हलवायची वेळ एकच, सूर्य उगवायच्या आधीची. गारठ्यात सगळ्या माश्या घरात असतात. पेटीच्या दाराला जाळी ठोकायची, पेट्या माझ्या पाठीवर चढवायच्या, दोराने आवळायच्या आणि ऊन वर यायच्या आत बाग गाठायची. उशीर झाला तर बंद पेटी उन्हात तापते आणि आतल्या माश्या गुदमरतात. जाळी काढावी, तर माश्या बाहेर पडतात. बाहेर गेलेली माशी फिरून आपल्या जुन्या जागीच येते. तिथे पेटी नसेल तर ती दुसरीकडे शोधत बसत नाही. तिथेच घिरट्या घालते आणि संध्याकाळच्या थंडीत मरते.

नऊ वर्षांत असे एकदाही झाले नव्हते. दादा लोकांना सांगायचा, "घड्याळ चुकेल, पण ही नाही चुकणार." मी ते ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोरात निघायचे. कौतुकाला भुलण्याची खोड गाड्यांनाही असते.

मग मागच्या हिवाळ्यात मला धूर येऊ लागला. पांढरा, दाट आणि फक्त सकाळी पहिल्यांदा चालू करताना. इंजिन लंगडल्यासारखे थरथरायचे, मागून ढग निघायचा आणि पाच-सहा मिनिटांनी सगळे शांत व्हायचे. पहिली तक्रार वरच्या मजल्यावरच्या काकूंनी केली.

"अहो दादा, वाळत घातलेल्या कपड्यांना डिझेलचा वास येतोय! ह्यांना ऑफिसात लोक विचारतात, पंपावर नोकरी धरली का म्हणून!"

मित्रांनो, माझे निदान त्याच वाक्यात होते. पण काकूंना कोण विचारतो?

इथे थोडे थांबून पांढऱ्या धुराविषयी सांगते. पांढरा धूर दोन प्रकारचा असतो. इंजिनाच्या वरच्या झाकणाला हेड म्हणतात आणि त्याखालच्या पातळ पत्र्याला गॅस्केट. ते फाटले तर इंजिन गार ठेवणारे पाणी आत शिरते आणि त्याची वाफ होते. त्या वाफेला गोडसर वास असतो, टाकीतले पाणी रोज कमी होते आणि इंजिन तापले तरी ती थांबत नाही. दुसरा धूर न जळलेल्या डिझेलचा. त्याने डोळे चुरचुरतात आणि इंजिन तापले की तो नाहीसा होतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेट घेते. थंडीत मात्र लोखंडच गार असते, म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये बोटाएवढा एक हीटर प्लग बसवलेला असतो. चावी अर्धी फिरवली की तो तापून लाल होतो आणि मग इंजिन सुरू करायचे. माझ्या चार प्लगांपैकी तीन जळून गेले होते. एवढेच. दुखणे एवढेच होते!

दादाने मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री म्हणाला, "पांढरा धूर? सकाळचा? हेड गॅस्केट. डोळे मिटून सांगतो."

सांगितले त्याने डोळे मिटूनच.

धाकटीला मात्र हे पटले नाही. तिच्या धंद्यात गारठ्यात पेटी उघडत नाहीत, आतली पिल्ले मरतात. आधी पेटीच्या दाराशी बसायचे. कोण आत जाते, काय घेऊन येते, वास कसा आहे, ते बघायचे आणि त्यावरून आतले ओळखायचे. झाकण काढणे अगदी शेवटी. तेच तिने माझ्याशी केले. तीन सकाळी ती पालथ्या बादलीवर माझ्या सायलेन्सरमागे बसली, डोळ्यांतून पाणी गाळत, पेट्यांच्या वहीत टिपत. पाण्याच्या टाकीवर तिने काळ्या पेनाने रेघ मारली. तिसऱ्या दिवशीही पाणी रेघेलाच होते.

"दादा, पाणी थेंबभरही कमी झालेलं नाही. आणि हा वास कच्च्या डिझेलचा आहे."

"तू माश्यांचं बघ गं. गाडी म्हणजे काय पेटी आहे, दारात बसून कळायला?"

आणि आता दादाची ती सवय, जिचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. मला मिस्त्रीकडे न्यायच्या आधी तो मला वीस मिनिटे चालू ठेवायचा. पोराला डॉक्टरकडे नेताना भांग पाडून, तोंड पुसून नेतात ना, तसे. "बाजारातून धुराचा लोट काढत जायचं? लोक काय म्हणतील?" असे त्याचे म्हणणे. त्यामुळे मिस्त्रीच्या दारात मी नेहमी गरम आणि शहाणी होऊन उभी राहायचे. धूर त्याने एकदाही पाहिला नाही. जे पाहिले नाही त्यावर त्याने पाना चालवला.

धाकटी तिथेही म्हणाली, "पाणी कमी होत नाही हो."

"ताई, धूर पांढरा म्हणजे पाणी जळतंय. पाचवीतलं पोरही सांगेल."

"मग टाकीतलं कमी का होत नाही?"

"होईल."

होईल! त्या एका शब्दावर माझे हेड उतरवले. सतरा वर्षांत ज्या बोल्टांना कोणी हात लावला नव्हता ते लांब पाइप लावून, कचाकच आवाज करत सोडवले. जुने गॅस्केट धड होते. मिस्त्रीने ते उजेडात धरून उलटसुलट पाहिले आणि कोपऱ्यात टाकले. हे मी पाहिले आहे. नवे बसवून दुपारच्या उन्हात मला चालू केले, तेव्हा थोडा धूर आला. "नवं काम आहे, आत सांडलेलं तेल जळतंय," असे सांगून त्याने मला गरम होऊ दिले. धूर गेला. "बघा, झाली की नाही ठणठणीत!"

दुखत होता दात, आणि पोट कापून वर शाबासकी घेतली.

चौथ्या दिवशी पेट्या बदामाच्या बागेत न्यायच्या होत्या. अंधारातच अडतीस पेट्या माझ्यावर चढल्या. दादाने चावी फिरवली. मी घरघरले, थरथरले, पण पेटले नाही. त्याने पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली. पांढऱ्या ढगात दादा दिसेनासा झाला. मित्रांनो, एकाच धड प्लगवर मी किती ओढणार होते? शेवटी बॅटरीच बसली. पूर्वेकडची भिंत पिवळी झाली, मग पेट्यांवर ऊन आले आणि आतला गुंजारव चढत गेला. धाकटीने एका पेटीला कान लावला. तिचा चेहरा पडला.

"दादा, गुदमरतायत. जाळ्या काढ."

"काढल्या तर बाहेर पडतील."

"नाही काढल्या तर आत मरतील. काढ!"

उन्हाच्या बाजूच्या चौदा पेट्यांच्या जाळ्या काढल्या आणि माश्यांचे लोट बाहेर पडले. तेवढ्यात बागवाल्याचा निरोप आला की दुपारपर्यंत पेट्या आल्या नाहीत तर तो दुसऱ्याच्या उतरवून घेईल. काढलेल्या जाळ्या पुन्हा ठोकून आणि शेजारच्या गाडीची बॅटरी जोडून, उन्हाने कोमट झालेल्या मला कसेबसे पेटवले आणि आम्ही निघालो. संध्याकाळी परतलो तेव्हा पेट्यांच्या रिकाम्या फळ्यांवर माश्यांचे काळे पुंजके बसले होते. घर शोधत होत्या. धाकटी खोके घेऊन त्यांना हातांनी गोळा करत राहिली. बऱ्याचशा बोटांतून गळून पडत होत्या. दादा माझ्या दाराला टेकून उभा होता. मला त्याची दया आली नाही.

पुढे त्या चौदा अर्धमेल्या पेट्यांच्या जोड्या लावून सात करायला लागल्या.

मिस्त्रीचा नवा निकाल फोनवरच आला. "मग इंजिनच थकलंय, दादा. दम उरलेला नाही. काढून टाका." दोन दिवसांनी भंगारवाला आला. माझ्या दारावर टिचक्या मारत त्याने एक चक्कर घेतली.

"इंजिन सोडलं तर बाकी बरं आहे."

धाकटीने विचारले, "इंजिनाला काय झालंय?"

"मिस्त्री म्हणाले ना."

"तुम्ही बघितलंत?"

"त्यात बघायचं काय?"

बघायचे काय! या एका प्रश्नावर माझा जीव टांगला होता. मी गेले असते तर भावाबहिणीचा धंदाही गेला असता. सफरचंदाचा फुलोरा दहा दिवसांवर होता आणि एवढ्यात दुसरी गाडी घेणे त्यांना जमणारे नव्हते.

धाकटीने माझी चावी उचलून कमरेला खोचली. "एक रात्र ही मिस्त्रीच्या अंगणात उभी राहील. सकाळी गार असताना माझ्यासमोर चालू करायची. तोवर हिला कोणी हात लावायचा नाही. दादा, तूसुद्धा नाही. त्यानंतर खुशाल विका."

सकाळी माझ्या टपावर दहिवर गोठले होते. मिस्त्री कानटोपी घालून, चहाचा पेला घेऊन बाहेर आला. "ताई, उगाच हट्ट करताय," तो म्हणाला. धाकटीने चावी फिरवली. पाचव्या झटक्याला मी पेटले आणि इतके दिवस साठवून ठेवलेला सगळा धूर त्याच्या अंगणात ओतला. खोकत खोकत त्याने चहावर हात धरला. धाकटीने जुन्या चादरीचा पांढरा तुकडा सायलेन्सरसमोर धरला. तो ओला झाल्यावर तिने तो मिस्त्रीपुढे केला.

"नाक लावा."

त्याने लावले. पुन्हा लावले. मग चहा खाली ठेवून तो तपासणीचा दिवा घेऊन आला. तारेचे एक टोक बॅटरीला, दुसरे प्लगच्या डोक्याला. प्लग जिवंत असेल तर दिवा लागतो. पहिल्याला लागला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला लागला. चौथ्याला नाही.

दादा म्हणाला, "पण चावी फिरवल्यावर समोरचा पिवळा दिवा तर रोज लागत होता!"

"तो ठरल्या वेळी लागतो, ठरल्या वेळी विझतो. प्लगशी त्याचं देणंघेणं नाही," मिस्त्री पुटपुटला. मग धाकटीकडे वळून म्हणाला, "ताई, हे आधी नाही का सांगायचं?"

"वास दादाला सांगितला. पाणी तुम्हाला सांगितलं. कपड्यांचं काकूंनी सगळ्या गल्लीला सांगितलं."

"पण गाडी गार अशी तुम्ही कधी आणलीच नाहीत!"

हे मात्र खरे होते. दादाने मान खाली घातली. ते खरे होते म्हणून माझा राग कमी झाला नाही. दोघांत वाटला गेला, इतकेच.

प्लग बदलायला तासही लागला नाही. सफरचंदाच्या सकाळी एकतीस पेट्या चढल्या. पहिल्याच झटक्याला मी सुरू झाले आणि ऊन वर यायच्या आत बागेत होते. दादाने बॉनेटवर थाप मारली. "शाब्बास! घड्याळ चुकेल, पण ही नाही." मला त्याच्या तोंडावर धूर सोडावासा वाटला. पण नेमका त्या दिवशी धूर नव्हता. मागे मात्र सात पेट्यांची जागा मोकळी होती आणि तेवढ्या भागात दोर सैल पडत होता. धाकटीने वाटेत दोनदा उतरून तो आवळला.

मित्रांनो, यंत्र असो की जनावर, त्याला सजवून, गरम करून, शहाणे करून तपासायला नेऊ नका. जसे दुखते तसेच न्या. आणि जो तपासतो त्याने आधी दाराशी बसावे. वास घ्यावा, पाण्याची रेघ पाहावी, कपडे वाळत घालणाऱ्या काकूंचेही ऐकावे. पाना पळून जात नाही.

इंजिन एकदा उघडल्यापासून माझ्या हेडच्या कडेने तेलाचा एक बारीक ओघळ येतो. सतरा वर्षांत तो कधी नव्हता. परवा दादाने तो मिस्त्रीला दाखवला. मिस्त्री लांबूनच म्हणाला, "वय झालं हो तिचं."

धाकटीने बादली पालथी घातली आणि माझ्यासमोर बसली.