नवा कासरा

नव्व्याण्णव सालचा बैलांचा सण, बेंदूर, तोंडावर आला, अन् गडमुडशिंगीच्या तळ्याकाठी पाणकणसाचं हे रान माजलेलं! बैल धुवायचे कुठं? आकाराम विळा घेऊन पाण्यात उतरला. मागोमाग त्याची बायको तानाबाई. मधल्या चार ताटांना गुंफून वाटीएवढं घरटं, आत तीन पिल्लं, आणि वर ओरडणारी वटवट्याची मादी. पाखरू मुठीएवढं, दरसाल कुठल्या तरी मुलखातनं येतं आणि अख्खं तळं डोक्यावर घेतं.

"तेवढं कापू नगासा," तानाबाई म्हणाली. "पिल्लं माझ्या जिम्म्याला."

आकारामनं तेवढं बेट सोडून बाकी सगळं सपाट केलं.

दुपारी वारं सुटलं. आजूबाजूचा आधार गेलेला, बेट पाण्यापर्यंत वाकायला लागलं. पण तानाबाई उसातली बाई! ऊस लोळू नये म्हणून त्याच्याच पाल्यानं बांधायचा, त्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. ती कमरेएवढ्या पाण्यात शिरली, शेंडे ओढले आणि पात्यांनी करकचून आवळले. बेट ताठ उभं राहिलं, आणि बाई खुशीत काठावर येऊन बसली.

मादी चोचीत किडा घेऊन आली. या अंगानं बघितलं, त्या अंगानं बघितलं. शेंड्यांबरोबर घरट्याचं तोंडही मिटलं होतं. आतली चिवचिव हळूहळू बारीक होत गेली.

तानाबाई ताडकन उठली. "अवं, मीच कोंडलो की त्यांस्नी! सोडलं तर पाण्यात पडत्यात, न्हाय सोडलं तर उपाशी मरत्यात."

आकाराम तसाच निघाला. गेला घरी, दोन मेढी आणि बेंदरासाठी आणलेला बैलाचा नवाकोरा कासरा घेऊन आला. मेढी चिखलात ठोकल्या, घरट्याच्या खालनं कासऱ्याचा सैल वेढा दिला. मग तानाबाईनं पात्यांच्या गाठी सोडल्या. शेंडे उघडले. बेट हललं, पण पडलं नाही. मादी भुर्रकन आत गेली, आणि तानाबाई चिखलातच बसून रडली.

बेंदराच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या बैलांना नवे कासरे. आकारामच्या बैलाला तेवढा जुना, गाठी मारलेला. शेजारचा कृष्णात हसला, "काय आकाराम, सणाला बी जुनंच? नवा आणलातास न्हवं?"

"आणलातो की," आकाराम म्हणाला. "पर तळ्यावर बाळंतीण हाय आमची. तिला दिलाय."

मागनं ओवाळणीचं ताट घेऊन येणाऱ्या तानाबाईला त्या माणसाचा असा काही अभिमान वाटला, की बैलाआधी तिनं त्यालाच ओवाळलं.